माथा नसलेला चढ

आमच्या जयसिंगपुरात डोंगर नाही. राजर्षी शाहू महाराजांनी आपले वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं वसवलेलं हे गाव. गल्ल्या सरळ, जमीन सपाट आणि चहूकडे ऊस. तरी मी सहावीपासून चालवली ती डोंगरातली सायकल! सुट्टीला दानोळीवरून कुंभोजच्या बाहुबलीकडे जायचं, तिथल्या कच्च्या वाटांवर मनसोक्त धडपडायचं आणि खरचटलेली कोपरं घेऊन घरी यायचं.

बारावी झाल्यावर सांगलीच्या आतेभावाची जुनी रोड सायकल माझ्याकडे आली. आजीनं चाक चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हे टायर म्हणायचं की सुतळी?"

आजीचं काही चुकलं नव्हतं. माझ्या जुन्या सायकलचा टायर पन्नासेक मिलिमीटर रुंद, हिचा फक्त २५. जुनीत ३० पौंड हवा पुरायची, हिला ९० लागते. मऊ जाड टायर दगड गिळून टाकतो. हा बारका टायर मात्र प्रत्येक खडा थेट मनगटापर्यंत पोचवतो. पण गुळगुळीत डांबरावर काय पळते म्हणून सांगू! दोन पायडल मारले की गल्ली संपली.

मला वाटलं, सपाट रस्ता म्हणजे आराम. जुलैत दादाबरोबर हातकणंगल्याच्या दिशेनं निघाले आणि पश्चिमेचा पावसाळी वारा समोरून आला. डोंगरात चढ दिसतो, त्याचा माथा दिसतो, तिथं पोचलं की टेकता येतं. वाऱ्याला माथाच नाही! त्यात वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा दुप्पट नाही, चौपट होतो. डोंगरवाटेवर आपण हळू असतो, म्हणून हे जाणवत नाही. रोड सायकलचं हँडल खाली का वळलेलं असतं, ते त्या दिवशी पाठीला कळलं. वाकायचं, वाऱ्याला छाती द्यायची नाही.

दादा म्हणाला, "माझ्या मागं ये." त्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर गेले आणि वारा एकदम मंदावला. पुढचा हवा फोडतो, मागच्याचे कष्ट बरेच वाचतात. पण मला धड पुढचा रस्ताच दिसेना! इतकी वर्षं प्रत्येक दगड मी स्वतः निवडलेला. आता दादाच्या हाताकडे पाहायचं. हात खाली गेला की खड्डा, तळवा उघडला की थांबायचं. खरं सांगते, बाहुबलीच्या उतारापेक्षा छाती इथं जास्त धडधडली. (हे कुणी अनुभवी सोबत असल्याशिवाय आणि वाहत्या रस्त्यावर करायचं नाही, बरं का.)

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही जवळजवळ ४,८०० किलोमीटरची शर्यत पुरी केली, तीही पाळीपाळीनं सायकल चालवून. एक थकला की दुसरा. भाऊ असल्याचा असाही फायदा!

आईचं भांडण वाऱ्याशी नाही, उसाशी आहे. गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. बाजूनं ऊस लोंबतोय, मागं दिवा असेलच असं नाही. त्यांच्या चाकांना लागून आलेली काळी माती डांबरावर पडते आणि दव पडलं की ती साबणासारखी होते. जाड टायर तिथं निभावून नेतो, बारका घसरतो. म्हणून आईनं अट घातली आहे: हेल्मेट, भडक जर्किन, उजाडल्याशिवाय निघायचं नाही आणि हंगामात मोठा रस्ता बंद. मी कुरकुरले, पण अट मानली. त्या चार महिन्यांत जुनी सायकल बाहेर निघते.

गेल्या रविवारी आम्ही शिरोळवरून नृसिंहवाडीला गेलो. अर्ध्या वाटेत दादा बाजूला झाला आणि म्हणाला, "आता तू पुढं." वारा अंगावर आला. पुढं एक खड्डा दिसला, मी हात खाली केला आणि मागं न बघता वळसा घेतला. मागून त्याच्या चेनचा आवाज तसाच येत राहिला. वाडीला पोचल्यावर कवठाच्या बर्फीचे पैसे मात्र त्यानं मलाच द्यायला लावले.