सांजवेळेची दुर्बीण

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, आमच्या चष्म्याच्या दुकानाचं दार उघडून दोन घरं सोडून राहणारे शेजारी आत आले. वय बहात्तर. उजव्या भुवईवर चंद्रकोरीसारखी ताजी जखम, हातात वाकडी झालेली चष्म्याची फ्रेम. मी घाबरून विचारलं, पडलात का? ते म्हणाले, "नाही. बंदुकीवरची दुर्बीण लागली."

कोलंबसला येऊन मला चौदा वर्षं झाली. ओहायोच्या या राजधानीत शिकार हा विषय अंगवळणी पडायला त्यांतली सहासात गेली. ओलेंटँजी नदीच्या कडेने हरणं थेट वस्तीत येतात, अंगणातल्या हॉस्टाची पानं रात्रीत फस्त करतात आणि सकाळी रस्त्याच्या कडेला गाडीखाली मेलेली दिसतात. नोव्हेंबर उजाडला की निम्म्या गावाच्या बोलण्यात हरीण असतं. पांढऱ्या शेपटीचं हे हरीण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओहायोतून जवळजवळ नाहीसं झालं होतं. ते पुन्हा आणलं, जपलं, आणि १९४३ मध्ये फक्त तीन काउंट्यांत शिकारीला परवानगी मिळाली. सगळ्या ८८ काउंट्यांत ती मिळायला १९५६ उजाडलं. आज संख्या आटोक्यात ठेवायला शिकार लागते, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

शेजाऱ्यांची बंदूक होती मझललोडर. शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर काही उभं राहिलं नाही. मग त्यांनी हाताने करून दाखवलं: नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी घालायची, गजाने खालपर्यंत ठासायची. अहो, ही तर ठासणीची बंदूक! कुडाळजवळच्या आमच्या गावी आजोबांकडे होती. पीकसंरक्षणाचा परवाना, माजघरात खुंटीला टांगलेली बंदूक, भात पोटरीला आलं की रानडुकरांच्या मागे रात्रीची राखण. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. आजोबांचे बहुतेक बार हवेत निघत, डुकरं पळवून लावायला. त्या बंदुकीवर नेम धरायला टोकावरच्या एका दाण्यापलीकडे काही नव्हतं, आणि वीस पावलांवर आणखी काही लागतही नव्हतं.

इथली बंदूक भरायची रीत तीच, पण घडण निराळी. १९८५ मध्ये मिझुरीतल्या टोनी नाइट यांनी एमके-८५ नावाची बंदूक बाजारात आणली. तिच्यात ठिणगी दारूच्या सरळ मागून पडते. तेव्हापासून ही 'इनलाइन' जात पसरली. शेजाऱ्यांना मुलाने दिलेली बंदूक त्याच वळणाची, मधोमध दुमडणारी. त्याआधीची चाळीस वर्षं त्यांनी उघड्या साइटची जुनी बंदूक वापरली होती. ती सोडावी लागली ती डोळ्यांमुळे, आणि इथून पुढे गोष्ट माझ्या कामाच्या हद्दीत येते.

उघड्या साइटने नेम धरताना तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात: डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकावरचा दाणा आणि दूरचं जनावर. विशीतला डोळा या तिघांवरून इतक्या चपळाईने फिरतो की तिन्ही स्पष्ट वाटतात. पन्नाशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठरतं आणि तिघांतलं एकच काय ते नीट दिसतं. दुर्बिणीचं खरं काम इथे आहे. ती आतल्या नेमाच्या फुलीचं चित्र आणि हरणाचं चित्र एकाच पातळीवर आणून ठेवते, मग डोळ्याला धावपळ उरत नाही. मोठं दिसणं हा त्यानंतरचा फायदा. दुकानात मात्र हा दुसरा फायदाच आधी विकला जातो.

शेजाऱ्यांचंही तेच झालं होतं. त्यांना कुणीतरी ४-१६×५० ची दुर्बीण गळ्यात मारली होती. म्हणजे चारपासून सोळा पटींपर्यंत मोठं दाखवणारी, पुढची काच पन्नास मिलिमीटरची. आकडे मोठे, किंमत कमी. रेंजवर त्यांनी ती सोळावर लावली, नीट दिसेना म्हणून मान पुढे नेली आणि दीडशे ग्रेन दारूचा बार काढला. मागच्या धक्क्याने दुर्बिणीची कड भुवईत घुसली.

फ्रेम सरळ करता करता मी त्यांना म्हटलं, ती दुर्बीण घेऊन या. रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही ती तपासली. बंदुका मला कळत नव्हत्या, काचा कळत होत्या.

पहिली गोष्ट आय रिलीफ. मागच्या काचेपासून डोळा किती दूर ठेवला असता पूर्ण गोल चित्र दिसतं, ते अंतर. त्यांच्या दुर्बिणीत सोळावर ते तीन इंचांहूनही कमी भरलं. ठासणीची बंदूक जड गोळी टाकते आणि तसाच दणका मागे देते. तिच्यासाठी साडेतीन इंच ही मी किमान मर्यादा मानते, चार असतील तर उत्तम. आणि चष्मा घालणाऱ्याने मध्ये चष्म्याची जागा धरायची असते, हे विक्रेत्याने आपणहून सांगायला हवं होतं.

दुसरी गोष्ट उजेडाची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे रोखली तर मागच्या काचेत उजेडाची एक टिकली दिसते. तिचा व्यास काढायला पुढच्या काचेच्या मापाला पटीने भागायचं. पन्नासला सोळाने भागलं की सुमारे तीन मिलिमीटर. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, सत्तरीत बहुतेकांची पाचच्या आसपास थांबते. बाहुली पाच उघडली आणि टिकली तीनचीच असली, तर चित्र काळवंडतं. उलट टिकली दहाची असली तरी पाचच्या बाहुलीत पाचचाच उजेड जातो, बाकीचा फुकट. ३३ मिलिमीटरची लहान काच चार पटींवर आठ मिलिमीटरची टिकली देते. बहात्तर वर्षांच्या डोळ्याला तेवढं पुरून उरतं. मोठी काच म्हणजे या वयात नुसतं वजन, शिवाय दुर्बीण उंच बसते आणि गाल बंदुकीच्या दस्त्यावर टेकत नाही.

उजेड राखतो तो काचेवरचा लेप. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के उजेड परावर्तित होऊन वाया जातो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तर एक तृतीयांश उजेड वाटेतच संपला. चष्म्याला आपण जो परावर्तन घालवणारा लेप देतो, त्याच जातीचे थर प्रत्येक पृष्ठभागावर असले की हे नुकसान अगदी थोडं राहतं. म्हणून पैसे पटींवर घालू नयेत, काचेवर घालावेत. हे मी चष्म्याच्या गिऱ्हाइकांना रोज सांगते, त्यांनाही तेच सांगितलं.

"पण लांबचं?" त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र काचेत नव्हतं, गोळीत होतं. शंभर ग्रेन दारूवर अडीचशे ग्रेनची, म्हणजे सुमारे सोळा ग्रॅमची गोळी शंभर यार्डांवर नेमकी लागेल अशी बंदूक लावली, तर दीडशे यार्डांवर ती पाचसहा इंच खाली येते आणि दोनशेवर सव्वा फुटाच्या आसपास. दुर्बीण दोनशे यार्डांवरचं हरीण पन्नास यार्डांवर आणून दाखवील. गोळीला तेवढं अंतर कापावंच लागतं. गोळीच्या या घसरणीच्या खुणा फुलीवर कोरलेल्या दुर्बिणी मिळतात, खास ठासणीच्या बंदुकांसाठी. त्या खुणा ठरावीक गोळी आणि ठरावीक वेग धरून कोरलेल्या असतात. दारू बदलली की त्या चुकतात, आणि चूक भोगतं ते हरीण. जायबंदी होऊन झाडीत शिरलेलं जनावर रात्रभर शोधण्याच्या कहाण्या इथला प्रत्येक शिकारी खालच्या आवाजात सांगतो. ठासणीच्या बंदुकीत दुसरी गोळी लगेच नसते. पुन्हा दारू, पुन्हा गोळी, पुन्हा गज.

शेवटी घेतली ती २-७×३३. फुली साधी, कडेला जाड आणि मध्यावर बारीक, कारण सांजवेळी जाड रेघा नजरेला मध्याकडे नेतात. लाल ठिपक्याची साइट त्यांना एका मित्राने सुचवली होती, पण त्यांच्या उजव्या डोळ्यात सिलिंडरचा नंबर आहे आणि अशा डोळ्याला तो ठिपका फिसकटलेला दिसतो. काचेवर कोरलेली फुली तशी पसरत नाही. एक चष्माही मी त्यांना वेगळा करून दिला, फक्त लांबच्या नंबरचा. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात दस्त्यावर गाल टेकला की नजर काचेच्या वरच्या कोपऱ्यातून जाते आणि चित्र तिरकं होतं.

बसवतानाही दोन गोष्टी शिकले. दुर्बीण घोड्याच्या इतकी जवळ येते की अंगठ्याला घोडा ओढता येत नाही, म्हणून घोड्याला बाजूला निघणारा छोटा दांडा जोडावा लागतो. आणि बार निघताना मागून सुटणारा वायू दुर्बिणीच्या पोटाला काजळी धरवतो. ती काजळी धातू खाते. तिथे चिकटपट्टी लावून ठेवली आणि दर खेपेला बदलली.

मग रेंज. सुरुवात पंचवीस यार्डांवरून. दुर्बिणीचा एक टिचका शंभर यार्डांवर पाव इंच सरकवतो, पंचवीसवर इंचाचा सोळावा भाग. गोळी दोन इंच डावीकडे लागली, म्हणजे बत्तीस टिचके. त्यांनी ते मोठ्याने मोजले, मीही मोजले. दोन बारांच्या मध्ये नळी पुसायची, नाहीतर काजळीने पुढची गोळी वेगळी ठासली जाते. दारू त्यांनी दीडशेवरून शंभर ग्रेनवर आणली. दुपारपर्यंत शंभर यार्डांवरच्या तीन गोळ्या तळहाताखाली झाकल्या जातील इतक्या जवळ पडल्या.

जानेवारीत मझललोडरचे चार दिवस असतात. ३३ क्रमांकाच्या हायवेने लँकेस्टरवरून आम्ही हॉकिंग काउंटीत त्यांच्या मित्राच्या जमिनीवर गेलो, मालकाचं लेखी संमतिपत्र खिशात घेऊन. इथला कायदा तेवढा स्पष्ट आहे. बर्फ बोटभर. दोघांच्या अंगात नारिंगी जाकिटं. मी नुसती सोबतीला. दुपारी लांबच्या कुंपणाशी मोठा नर दिसला, एकशेऐंशी यार्ड तरी असावा. शेजाऱ्यांनी तो हातातल्या दुर्बिणीने पाहिला आणि ती खाली ठेवली. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून कधी नुसतं पाहायचं नाही, कारण जिकडे ती, तिकडे नळी. हा नियम त्यांनी मला गाडीतच सांगितला होता.

सूर्य पाच वाजून वीस मिनिटांनी मावळला. ओहायोत त्यानंतर अर्धा तास बार काढायची मुभा आहे. पाच पस्तीसला ओढ्याच्या बाजूने एक मादी आली, सत्तर यार्डांवर. त्या उजेडात, पंचेचाळिसाव्या वर्षी, मला माझ्या हातमोज्याची बोटं नीट मोजता येत नव्हती. दुर्बीण तीन पटींवर होती. त्यांनी वेळ घेतला. बार निघाला, पांढरा धूर समोर साचला आणि थोडा वेळ काहीच दिसेना. धूर विरला तेव्हा ती जागच्या जागी पडलेली होती.

त्या रात्री राज्याच्या यंत्रणेत हरणाची नोंद केली. मांसाचा एक वाटा त्यांनी भुकेल्यांसाठी अन्न गोळा करणाऱ्या संस्थेला दिला, एक माझ्या घरी आला. दुसऱ्या दिवशीही जायचं होतं, म्हणून पुन्हा ठासलेली बंदूक त्यांनी ठिणगी देणारी टोपी काढून थंड गॅरेजमध्येच ठेवली. गारठलेली बंदूक उबेत आणली की नळीत ओल धरते आणि ठासलेली दारू वाया जाते. दुर्बिणीच्या आत नायट्रोजन भरलेला असेल तर तिच्यात धुकं धरत नाही, पण दारूला तसं कवच नसतं.

अमेरिकेत ज्यांना या बंदुकीची हौस आहे अशा मराठी वाचकांसाठी दोन गोष्टी. १९६८ च्या केंद्रीय कायद्यात बहुतेक ठासणीच्या बंदुका 'फायरआर्म' धरलेल्या नाहीत, पण राज्यांचे कायदे वेगळे असू शकतात, आणि व्हिसावर असणाऱ्यांना इतर बंदुका बाळगण्यावर बंदी आहे, शिकारीचा वैध परवाना हा तिला एक अपवाद. वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका. दुर्बिणीचेही राज्याराज्यांत वेगळे नियम: कोलोरॅडोच्या मझललोडर हंगामात ती चालत नाही, पेनसिल्व्हेनियात चकमकीच्या दगडाने पेटणाऱ्या बंदुकांच्या, नाताळानंतरच्या हंगामातही नाही. पैसे देण्याआधी आपल्या राज्याचं त्या वर्षीचं नियमपुस्तक वाचा.

आणि दुर्बीण दुकानाच्या दिव्यांखाली पसंत करू नका. तिथे सगळ्याच स्वच्छ दिसतात. दिवस मावळायच्या वेळी जा, विक्रेत्याला सांगून दाराबाहेर या, आणि रस्त्यापलीकडच्या झाडाच्या बुंध्याशी, सावलीत, पहा.