खाड्यांची वही

सांगली, रविवार

चि. सोनू,


दुधाचे खाडे आणि बिल मांडायचं तुझं ॲप आपल्या गवळ्याच्या फोनवर घालून दिलं. पहिले दोन दिवस त्याने वहीही ठेवली आणि ॲपही. तिसऱ्या दिवशी वही घरी ठेवून आला. पंचवीस वर्षं मी त्याला त्या वहीशिवाय पाहिलेलं नाही. तुम्ही दोघींनी खरंच कामाची वस्तू केली आहे, म्हणून हे पत्र जरा लांबणार.

ॲप आहे कुणाचं? तू म्हणशील, माझं आणि मैत्रिणीचं. पण बिलाचा भाग नाशिकच्या त्या मुलाने १५ हजार रुपये घेऊन लिहून दिला ना? १९५७चा कॉपीराइट कायदा संगणकाच्या प्रोग्रॅमला साहित्यकृतीच्या रांगेत बसवतो. तुमच्या नोकरीत नसलेल्या माणसाने लिहिलेला कोड, तसा करार नसेल तर, त्याच्याच मालकीचा राहतो. पैसे दिले म्हणून तो तुमचा होत नाही. त्याच्या सहीने लेखी तुमच्या नावावर व्हावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तेव्हा 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी' आणि 'जगभरासाठी' हे दोन्ही शब्द असल्याशिवाय सही घेऊ नकोस.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. २००४ साली मी आणि माझ्या मैत्रिणीने किराणा दुकानांच्या उधारीसाठी सॉफ्टवेअर केलं होतं. कोड ओळखीच्या एका मुलाने लिहिला, कागद काहीच नाही. तीन वर्षांनी तेच सॉफ्टवेअर दुसऱ्या नावाने मिरजेच्या दुकानात चाललेलं पाहिलं. वकिलांनी दोनच प्रश्न विचारले. त्याच्याकडून लिहून घेतलंय का? आणि भागीदारी नोंदवली आहे का? दोन्हींची उत्तरं नाही. १९३२च्या भागीदारी कायद्यात नोंदणीची सक्ती नाही, पण नोंदणी नसलेल्या पेढीला करारातला हक्क मागायला बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. पैसा गेला त्याचं काही वाटत नाही आता. 'तू का नाही लिहून घेतलंस' यावरून आम्हा दोघींचं बोलणं तुटलं, ते अजून जुळलेलं नाही.

म्हणून तुमचं आत्ताच लिहून काढा. कुणाचा वाटा किती, एकीचं लग्न झालं किंवा नोकरी लागली आणि ती बाहेर पडली तर कोड कुणाकडे, कर्ज कुणी काढायचं. मला विचारशील तर एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) करा. २००८च्या कायद्याने ती स्वतंत्र व्यक्ती ठरते आणि धंद्याचं देणं सहसा तुमच्या घरादारापर्यंत येत नाही. उत्पन्न शून्य असलं तरी दरवर्षी विवरणं भरावी लागतात, तेवढा त्रास सोसा. आणि प्ले स्टोअरचं खातं तुझ्या मैत्रिणीच्या भावाच्या ईमेलवर आहे, ते आधी हलवा. नोंदणीचे २५ डॉलर त्याने भरले असतील, ते त्याला परत द्या. वैयक्तिक खात्यावरून कमाई सुरू झाली की खातेदाराचा पूर्ण पत्ता तिथे सगळ्यांना दिसतो, हेही त्याला माहीत नसणार. शिवाय नव्या वैयक्तिक खात्याला किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते, त्यामुळे ॲप पाडव्याला येणार असं इतक्यात कुणाला सांगू नका.

ॲपचं 'खाडा' हे नाव मला फार आवडलं. पण दूधवाले, पेपरवाले, डबेवाल्या मावश्या सगळ्यांच्या तोंडी असलेला हा शब्द खाड्यांच्याच ॲपसाठी ट्रेडमार्क म्हणून एकट्याला मिळणं कठीण. वेगळं नाव शोधा, नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर नवव्या वर्गात ते आधी कुणी घेतलंय का पाहा आणि अर्ज करा. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचे एका वर्गासाठी ४,५०० रुपये पडतात.

आता ज्याने मला रात्रभर झोप लागली नाही ते. खाडा म्हणजे काय गं? बहुतेक वेळा घराला कुलूप. तुमच्या ॲपमध्ये पुढच्या आठवड्याचे खाडे आधीच टाकता येतात, शेजारी पत्ता आणि फोन नंबर. गवळ्याची वही त्याच्या पिशवीत असायची. तुमच्याकडे शंभर गवळी आले की गावातली कोणती घरं कधी रिकामी असणार याची यादी एका सर्व्हरवर तयार होईल. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण मी दंडाच्या भीतीने लिहीत नाही. त्या यादीत पलीकडच्या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या आजी आहेत. त्या लेकीकडे जातात तेव्हा फक्त गवळ्याला सांगून जातात. त्यांची संमती गवळी कशी देणार? ती त्यांच्याकडूनच घ्यायला हवी, कशासाठी ते मराठीत सांगून. पत्त्याची गरज नसेल तर मागूच नका, 'दुसरा मजला' एवढं गवळ्याला पुरतं. पुढचे खाडे त्याच्या फोनबाहेर जाऊ देऊ नका आणि बिल चुकतं झालं की जुने पुसून टाका. फोनमधले सगळे नंबर वाचायची परवानगी ॲप मागतं, ती कशाला? काढा. कुठून तरी उतरवून घेतलेलं गोपनीयता धोरणही काढा. त्यात तुमच्या ॲपमध्ये नसलेल्याच गोष्टी आहेत आणि खाड्यांचा उल्लेखही नाही.

येत्या शनिवारी दोघी या. नाशिकच्या मुलासाठीचा मसुदा मी करून ठेवते, तुमच्या आपापसातल्या कराराचा तुम्ही लिहून आणा. गवळी विचारत होता, सकाळचं म्हशीचं आणि संध्याकाळचं गाईचं वेगळं लिहिता येईल का. तेवढं बघ.

तुझी,
मावशी