आजीच्या गावावरून

सहलीवरचा निबंध म्हटला की पाखरांची किलबिल, उगवता सूर्यनारायण आणि 'तो दिवस मी कधीही विसरणार नाही' हे वाक्य ठरलेलेच असते. शाळेत आम्ही सारी मुले असले निबंध सहलीला न जाताच लिहीत असू व गुणही बरे पडत. कारण सहल ही वस्तूच आमच्या वस्तीत नव्हती. आमच्याकडे प्रवास घडतो तो लग्नाला, मयतीला, दवाखान्याला, कचेरीला आणि वर्षातून एकदा पंढरीला. काही काम नसताना, नुसते बघण्यासाठी पैसे मोजून कुठे जावे, ही कल्पना माझ्या वडिलांना आजही पटत नाही.

तेव्हा गेल्या जानेवारीत भूगोल विभागाच्या फलकावर 'बामणोली ते वासोटा : जलाशयातून लाँचप्रवास व अभयारण्यातून पदभ्रमण' अशी सूचना लागली, तेव्हा मी ती घरी भीतभीतच सांगितली. वडील म्हणाले, "पाण्यात फिरायला पैसं?" पण वासोट्याचे नाव ऐकताच आजी चुलीपुढून उठली. तिने कनवटीची गाठ सोडली आणि नोटा माझ्या हातावर ठेवल्या. म्हणाली, "जाऊ दे तिला. आपलं गाव हाय तिथं." 'हाय' म्हणाली, 'होतं' नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या दोन रांगांमधून दक्षिणेला वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. त्या वळणाजवळ १९६० च्या दशकात धरण उभे राहिले. उंची १०३ मीटर. त्याच्यामागे पाणी थेट जावळीपर्यंत, सुमारे ५० किलोमीटर पसरले. तोच शिवसागर. हे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला नेतात आणि कोकणच्या बाजूला, पोफळीकडे खाली सोडून त्यावर वीज करतात. साऱ्या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. आमचे सर बसमध्ये हे सांगत होते आणि मी वहीत उतरवून घेत होते. त्यांनी सांगितले ते सगळे खरे आहे. आमच्या घरातला दिवाही त्याच तारांवर लागत असेल. फक्त पाणी पश्चिमेला गेले आणि आमची माणसे पूर्वेला, सोलापूर जिल्ह्यातल्या माळावर आली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला १९७६ साली, तोवर आजीला इथे येऊन पंधरा वर्षे होत आली होती. वस्तीला नाव जुन्याच गावाचे आहे. उन्हाळ्यात तिथे टँकर येतो.

साताऱ्याहून यवतेश्वर, कास करीत बस बामणोलीला पोचली. कासचे पठार २०१२ साली जागतिक वारशात गेले, पण त्याची फुले ऑगस्ट-सप्टेंबरची. जानेवारीत तिथे वाळलेले गवत होते, त्यामुळे मोबाइल सरसावून बसलेल्या मंडळींची निराशा झाली.

लाँचमध्ये मात्र सगळ्यांची कळी खुलली. नारिंगी जाकिटे चढवून आम्ही बसलो. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे हिरवट निळे पाणी, आणि वाऱ्याला असा गारवा की ओढणी कानावरून घ्यावी लागली. पाण्यावरून एवढा वेळ जाण्याची माझी ही पहिलीच खेप. खरे सांगते, मला फार आनंद होत होता. आजीचे गाव आठवून मी उदास झाले असे लिहिले तर ते शोभून दिसेल, पण तसे झाले नाही.

लाँचवाले मामा पन्नाशीचे असतील. मी सरकत सरकत त्यांच्याजवळ गेले आणि गावाचे नाव सांगून ते कुठे होते, असे विचारले.

"तू कुणाची गं?"

मी आजोबांचे नाव सांगितले.

"आईला ठावं असंल माझ्या. आम्ही वर सरकलो, तुम्ही लांब गेला." मग सुकाणू न सोडता त्यांनी हनुवटीने पाणी दाखवले. "ह्ये काय, आत्ता आपल्या खालनंच चाललंय. मे महिन्यात पाणी उतरलं की दगडं दिसत्यात."

मी वाकून पाहिले. पाणी जसे मागे होते तसेच इथे होते. त्याच वेळी पुढे भेंड्या रंगात आल्या होत्या, आमच्या बाजूला 'म' आला आणि मैत्रिणी माझ्या नावाने ओरडू लागल्या. मी जाऊन गाणे म्हटले. ते संपेपर्यंत गाव मागे पडले असावे.

पलीकडच्या काठावर वनखात्याच्या चौकीत नावे लिहिली, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून घेतल्या आणि आम्ही रानात शिरलो. इतके दाट रान मी पाहिले नव्हते. आमच्याकडे बाभूळ आणि निंब, त्यांच्याखालीही ऊन. इथे भर दुपारी सावली इतकी गार की बोलणारी मुलेही हळू बोलू लागली. जांभूळ, हिरडा, अंजनी ही झाडे सरांनी ओळखायला शिकवली. पायवाटेवर गव्याचे खूर उमटलेले होते. भेकर कुत्र्यासारखे भुंकते, हे ऐकेपर्यंत खरे वाटत नव्हते. आणि शेकरू! तांबूस शेपटी झुलवीत त्याने या झाडावरून त्या झाडावर अशी झेप घेतली की आमच्यातील सर्वांत वात्रट मुलगाही मिनिटभर गप्प राहिला. ही चढण उतरताना गुडघे बोलले, ते निराळे.

वाटेच्या कडेला एके ठिकाणी घरांची जोती दिसली. वनरक्षक म्हणाले, "हितंबी वस्ती होती." एका जोत्यातून हातभर जाडीचे झाड उठले होते.

वासोट्याचे दुसरे नाव व्याघ्रगड. पेशवाईच्या अखेरीस ताई तेलिणीने तो बापू गोखल्यांशी झुंजवला, हे ऐकून आम्ही मुलींनी मुलांकडे अर्थपूर्ण पाहिले. बाबूकड्यावर उभे राहून सर्वांनी आरोळ्या ठोकल्या, कड्याने त्या परत दिल्या. तिथे सर म्हणाले, "१९८५ साली हे अभयारण्य झाले, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. माणसाचा वावर नाही, म्हणून रान एवढे टिकले." वाघाशी माझे काही भांडण नाही. शेकरू पाहिल्यावर तर मुळीच नाही. पण 'वावर नाही' या दोन शब्दांत कोण कोण बसले आहे ते मला माहीत होते, आणि सरांना सांगावेसे वाटले. परतीच्या लाँचमध्ये मी सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "हे तू मासिकासाठी लिही."

रात्री उशिरा घरी पोचले. आजी जागीच होती. मोबाइलवर गडावरून काढलेला जलाशयाचा फोटो मी तिला दाखवला. पाणी चढण्याआधीच ती खोरे सोडून आली होती, ते पाणी तिने कधी पाहिलेलेच नव्हते. डोळ्यांजवळ धरून तिने तो निरखला.

"नदी कुठाय ह्यात?"

मी म्हटले, "आजी, हे सगळं पाणी म्हणजेच नदी."

तिने मान हलवली. मग डोंगराच्या कडा ओळखीत ओळखीत ती पुढे सरकली. "ह्यो खिंडीचा. ह्याच्या उजव्या अंगाला वढा, मग आमचं खळं..." आणि तिने पाण्यावर बोट ठेवले. बोट लागताच फोटो सरकला आणि पुढचा आला, नारिंगी जाकिटांत खिदळणाऱ्या आम्हां नऊजणींचा.

"ह्या कुणाच्या पोरी?" तिने विचारले, आणि एकेकीचे नाव, गाव सांगेपर्यंत तिने मला झोपू दिले नाही.