हा निबंध कोणाचा?

या वार्षिकासाठी काही लिहावे असे आम्ही मनात आणले, तेव्हा विषय सहज सुचला: ‘आमची आजी’. परंतु लेखणी काही केल्या चालेना. अखेर, आळसापायी म्हणा वा मोहापायी म्हणा, आम्ही बाबांच्या मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रास आज्ञा केली आणि क्षणार्धात निबंध हाती आला. भाषा कशी, तर गोड व निर्दोष! तो आम्ही सुवाच्य अक्षरांत उतरविला, खाली आपले नाव घातले आणि मोठ्या ऐटीने आजीस वाचून दाखविला.

निबंधातील आजी तुळशीपाशी दिवा लावीत होती, पुरणपोळ्या लाटीत होती, नातवंडांस राजाराणीच्या गोष्टी सांगत होती. आमच्या आजीने सारे शांतपणे ऐकून घेतले व विचारले, “बाळ, छान आहे, पण ही बाई कोण?”

आम्ही निरुत्तर झालो. आमच्या ख्रिस्ती घरी तुळशीवृंदावन नाही. आजीचे उभे आयुष्य मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून गेले. तिला पोळी गोल लाटता येत नाही. गोष्टी ती सांगत नाही, आम्ही बाहेरून आलो की, “हात धुतलेस का?” एवढेच विचारते. पावसाळ्यात रात्रपाळीहून परतताना तिच्या पातळाचे काठ चिखलाने भरलेले असत, असे बाबा सांगतात. यांतील एक अक्षरही यंत्रास ठाऊक नव्हते, आणि आम्ही ते सांगितलेही नव्हते.

मग ती दुसरी आजी आली कोठून? हे यंत्र असंख्य लेखकांच्या लिखाणावरून शिकविलेले असते. एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ताडून ते वाक्ये रचते. म्हणजे ती कित्येकांच्या आज्यांची सरमिसळ होती! त्या लेखकांस कोणी विचारले होते काय? हाच प्रश्न न्यायालयांतही गेला आहे. आपल्या बातम्या परवानगीवाचून यंत्राच्या शिकवणीसाठी वापरल्या, अशी तक्रार करून ए. एन. आय. या वृत्तसंस्थेने २०२४ साली ओपनएआय कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. अमेरिकेतील कॉपीराइट कार्यालयाने २०२३ साली एका चित्रकथेविषयी असा निर्णय दिला की, लेखिकेने स्वतः लिहिलेला मजकूर व केलेली मांडणी यांवर तिचा हक्क आहे. यंत्राने काढलेल्या चित्रांवर नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यात, संगणकाने निर्मिलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करविणारी व्यक्ती, असे म्हटले आहे. ती व्यक्ती यंत्रास आज्ञा करणारी की यंत्र घडविणारी, याचा खल वकील मंडळी करोत. आमच्यापुरता निवाडा आजीने एका प्रश्नात केला होता.

तो निबंध आम्ही फाडून टाकला आणि वही घेऊन आजीपाशी बसलो. तिने थोडेच सांगितले. आम्ही अडखळत लिहिले. गुरुजींनी त्यातील चुका लाल शाईने दाखविल्या. परंतु वाचून झाल्यावर आजी म्हणाली, “हं, ही मी.”

विद्यार्थी बंधुभगिनींनो, ज्या लेखाखाली आपण नाव घालतो, त्यातील प्रत्येक वाक्य आपणांस कोठून लाभले हे विचारणाऱ्यास सांगता यावे. एवढी मालकी असली, तर चुकांसकट तो लेख आपला!