डब्यातले शेत

शेत म्हटले की काळीभोर जमीन, नांगर आणि बैलजोडी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. माझे पहिले शेत मात्र रॉकेलच्या एका रिकाम्या डब्यात मावले होते. गिरगावातील एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, आमच्या खोलीपुढील अरुंद गॅलरीत ते होते. त्या शेताला बांध नव्हता, विहीर नव्हती. पण शेतकऱ्याच्या वाट्याला येणारी काळजी मात्र त्यात भरपूर पिकली.

ही गोष्ट १९६५ सालची. देशावर युद्धाचा प्रसंग ओढवला होता आणि पावसानेही दगा दिला होता. धान्याची टंचाई होती. आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडा आणि घराभोवती मोकळी जागा असेल तेथे काहीतरी पिकवा, असे आवाहन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी केले होते. दिल्लीतील आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर त्यांनी स्वतः नांगर धरला होता. सोमवारी रात्री आमच्या बिऱ्हाडात शेगडी पेटत नसे. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. उपाशी राहण्यात मला मोठा पराक्रम वाटे. मात्र पोटात कावळे ओरडू लागले की तो पराक्रम हळूहळू ओसरे.

गुरुजींनी वर्गात त्या नांगराची हकीकत सांगितली, तेव्हा मला प्रश्न पडला : ज्याला अंगणच नाही, त्याने काय नांगरावे? घरी येऊन मी आजीला विचारले. आजी कोकणातली. तिचा सारा जन्म परसातल्या भाजीपाल्यात गेला होता.

ती म्हणाली, "अरे, वेलीला अंगण कशाला हवे? तिला मुळाशी माती हवी आणि शेंड्याला ऊन हवे. मधली वाट तिची ती शोधते."

झाले! मी कामाला लागलो. डब्याच्या तळाला खिळ्याने भोके पाडली आणि माती वाहून जाऊ नये म्हणून त्यांवर कौलाचे तुकडे ठेवले. जवळच एका इमारतीचा पाया खणत होते. तेथून माती आणली. व्हिक्टोरिया गाड्यांच्या तळावरून वाळलेली लीद आणली. ओली लीद मुळे जाळते, हे आजीने बजावले होते. डिसेंबरच्या अखेरीस दुधी भोपळ्याच्या तीन बिया मी त्या मातीत टोचल्या. त्यांतली एकच रुजली. दोन गुबगुबीत दले आणि त्यांच्यामधून डोकावणारे एक लवदार पान, एवढाच तिचा संसार होता.

११ जानेवारी १९६६ च्या सकाळी बातमी आली की शास्त्रीजींचे ताश्कंद येथे निधन झाले. चाळीत कोणी मोठ्याने बोलेना. मी गॅलरीत जाऊन त्या रोपापुढे बसलो. ज्यांच्या सांगण्यावरून ते लावले, ते आता राहिले नव्हते. रोप मात्र आदल्या दिवशीपेक्षा किंचित उंच झाले होते. त्या दिवसापासून ते माझे खेळणे राहिले नाही. ती माझी जबाबदारी झाली.

पण नुसत्या मायेने शेती होत नाही. माया म्हणून मी दिवसातून चार वेळा तांब्याने पाणी घालू लागलो. पाने पिवळी पडू लागली. शिवाय ते गढूळ पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या धुण्यावर ठिबकले. काकू संतापून वर आल्या. "उद्या हा डबा येथे दिसता कामा नये!" असे म्हणून त्या निघून गेल्या. आजीने मला त्यांच्या घरी पाठवले. मी क्षमा मागितली आणि ते सारे धुणे चाळीच्या नळावर पुन्हा धुऊन दिले. डब्याखाली एक जुनी परात आली. डबा वाचला.

त्या रात्री आजी म्हणाली, "जमिनीतल्या झाडाला तहान लागली, तर ते आपली मुळे खोल धाडते. पाणी जास्त झाले, तर जमीन ते पिऊन टाकते. डब्यातल्या झाडाला तुझ्यावाचून कोणी नाही. तेव्हा आधी मातीत बोट घालून पाहा आणि मग पाणी घाल."

फेब्रुवारी संपता संपता कठड्यापासून वळचणीपर्यंत बांधलेल्या सुतळीवर वेल चढली. दिवेलागणीला तिची पांढरीशुभ्र फुले उमलत. काही फुलांच्या बुडाशी बोटाएवढा दुधी दिसे. माझा आनंद गगनात मावेना! पण चार दिवसांत ते इवलेसे दुधी पिवळे पडून गळून जात. आजीलाही उलगडा होईना. "आमच्या परसात असे कधी झाले नाही," एवढेच ती म्हणे.

उलगडा केला तो शाळेतील विज्ञानाच्या बाईंनी. दुधीच्या एकाच वेलीवर नर आणि मादी अशी दोन प्रकारची फुले येतात. नरफुलातले पराग मादीफुलापर्यंत पोहोचले, तरच फळ धरते. गावाकडे हे काम संध्याकाळी उडणारे पतंग करतात. आमच्या तिसऱ्या मजल्यावर ते बहुधा फिरकत नसावेत. म्हणजे पतंगाचे कामही आता मलाच करायचे होते. त्या संध्याकाळी आजीने कंदील धरला. मी एक नरफूल खुडले, त्याच्या पाकळ्या काढल्या आणि त्यातले पराग हलक्या हाताने मादीफुलाच्या मध्यभागी टेकवले. चार दिवस गेले. दुधी पिवळा पडला नाही. तो वाढू लागला!

मार्चमध्ये पहिला दुधी उतरवला. अर्धा काकूंच्या घरी गेला. त्यांनी तो हसत घेतला. बाबा मात्र थट्टेने म्हणाले, "बाजारात हा चार आण्यांना मिळाला असता!" मला राग आला, पण ते खरेच होते. तीन महिन्यांच्या श्रमांतून माझ्या शेताने दोनच दुधी दिले. देशाची टंचाई त्यांनी तसूभरही कमी झाली नाही.

मग रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या वाटले, चार आण्यांना मिळणाऱ्या त्या दुधीपायीही कोणाचे तरी तीन महिने गेले असतील. त्याचे शेत डब्यात नव्हते. पाऊस आला नाही, तर त्याने तांब्याने किती पाणी घालावे? ज्यांच्यासाठी आपण सोमवारी जेवत नव्हतो आणि ज्यांच्यामुळे मंगळवारी जेवत होतो, त्या माणसांची मला त्या रात्री प्रथमच ओळख झाली.

त्याला आता बरीच वर्षे लोटली. ती चाळ सुटली, आजीही गेली. माझ्या आजच्या खिडकीत मिरची, पुदिना आणि एक दुधीची वेल आहे. दिवेलागणीला मी अजूनही पतंगाचे काम करतो. आणि बाजारात भाजी घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस करायला माझी जीभ मात्र रेटत नाही.