विरजण आहे का थोडं?

‘पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं,’ असं आई नेहमी सांगते. मी तिचं ऐकलं असतं, तर ही भानगड झालीच नसती.

माझी मावसबहीण आणि जिजू नॉर्वेत राहतात. बर्गनहून ट्रेननं साधारण सव्वा तासावर व्हॉस नावाचं गाव आहे, त्याच्या जवळ. गुरुवारी पोचले, मंगळवारची परतीची फ्लाइट. मध्ये एक वीकेंड. शुक्रवारी सकाळी ताई-जिजू ऑफिसला गेले आणि मी एकटी घरात. म्हटलं, चला, जरा हातभार लावू. भांडी घासली, ओटा पुसला. मग भिंतीकडे लक्ष गेलं. खिळ्याला लाकडाच्या छोट्या छोट्या तुकड्यांची एक माळ टांगलेली होती. सुंदर होती, पण त्यावर पांढरट-पिवळट काहीतरी वाळून बसलेलं. किती दिवस धुतली नसेल बाई! मी किटलीभर उकळतं पाणी ओतलं, ब्रश आणि लिक्विड घेतलं आणि माळ लखलखीत करून पुन्हा टांगली.

संध्याकाळी जिजू आले. माळेकडे बघून दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग शांतपणे म्हणाले, ‘तू बीअरचं विरजण धुतलंस.’

त्या पांढऱ्या थराला क्वाइक म्हणतात. पश्चिम नॉर्वेच्या बोलीत क्वाइक म्हणजे यीस्ट. चेतवणे, पेटवणे या अर्थाच्या जुन्या शब्दाशी त्याचं नातं आहे. इथले शेतकरी पिढ्यान् पिढ्या घरीच बीअर बनवत आले. इथल्या जुन्या गुलाथिंग कायद्यात तर शेतकऱ्यानं सणासाठी बीअर बनवलीच पाहिजे, असं कलम होतं! यीस्ट विकत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मग एका खेपेचं यीस्ट पुढच्या खेपेसाठी राखायचं. माळ फेसात बुडवायची, वाळवायची आणि टांगून ठेवायची. असं वाळलेलं क्वाइक कित्येक महिने टिकतं. हल्ली बहुतेक जण ते बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवतात. जिजूंना माळेची हौस.

विसाव्या शतकात बाजारचं यीस्ट आलं आणि बहुतेक ठिकाणचं घरचं यीस्ट संपलं. पश्चिमेकडच्या थोड्या खोऱ्यांत मात्र ते टिकलं. लार्स मारियस गार्शोल नावाच्या नॉर्वेजियन लेखकानं घरोघर फिरून या पद्धती नोंदवल्या. 2018 मध्ये शास्त्रज्ञांनी या यीस्टची जनुकं तपासली, तेव्हा कळलं की माणसाळलेल्या यीस्टमधलं हे एक वेगळंच घराणं आहे.

आणि मी ते भांड्याच्या साबणानं धुतलं होतं.

‘आता?’ मी रडवेली झाले.

‘आता काय, मागायचं,’ ताई म्हणाली. ‘आणि तूच मागायचंस.’

पलीकडच्या शेतात एक आजोबा राहतात. जिजूंना क्वाइक त्यांनीच दिलेलं, आणि त्यांना त्यांच्या वडिलांकडून आलेलं. त्यांच्या दारात उभी राहून मी इंग्रजीत सगळा गुन्हा कबूल केला. वाटलं, आता हे दार लावून घेणार. आजोबा खो खो हसले. आत जाऊन जॅमची छोटी बाटली घेऊन आले. तळाशी वाळकी पापडी. म्हणाले, ‘मागे माझंही खराब झालं होतं. मी ज्याला दिलं होतं, त्याच्याकडून परत आणलं. म्हणून तर द्यायचं असतं.’

शनिवारी सकाळी पापडीचा तुकडा थोड्या गोड अर्कात जागा करायला ठेवला आणि दिवसभर आमचा कारखाना चालला. जुनिपरच्या फांद्या पाण्यात उकळल्या. त्या पाण्यात मोड आणून वाळवलेल्या सातूचा भरडा भिजवला. गोड अर्क गाळला आणि व्हॉसच्या रिवाजाप्रमाणे चार तास उकळला. शेवटी वीस लिटर उरला. मग निववायचा, पण किती? तर 39 अंश सेल्सिअस! एरवी एल जातीच्या बीअरचं यीस्ट 18 ते 22 अंशांत खूश असतं. त्याहून फार गरम झालं, की बीअरला नको त्या चवी येतात. ही क्वाइकची स्वारी मात्र ताप चढलेल्या अंगाइतक्या गरमीत मजेत काम करते, वर संत्र्यासारखा वास देते.

यीस्ट घालताना ओरडायचं, अशीही इथली जुनी प्रथा आहे. तो मान मला मिळाला. रात्री नऊ वाजता मी अशी काही किंचाळले, की ताईनं खिडकी लावून घेतली. पहाटे उठून डोकावले, तर पिंपात फेस उसळत होता. इतका जिवंत आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

नेहमीच्या यीस्टला एक-दोन आठवडे लागतात. क्वाइकला दोन दिवस पुरले. सोमवारी संध्याकाळी पिंप उघडलं. बीअर तयार झाली, की शेजाऱ्यांना चाखायला बोलावायचं, हेही इथलं ठरलेलं. आजोबा आले. एक घोट घेऊन त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. फेस जवळजवळ नाही, गोडसर, जड, जुनिपरचा वास असलेली ती बीअर होती. खरं सांगू? पहिला घोट मला काही खास आवडला नाही. दुसरा आवडला. निघताना जिजूंनी फेसात बुडवलेली माळ पुन्हा त्याच खिळ्याला टांगली. खाली ताईनं कागद चिकटवला होता : ‘धुऊ नये.’ मराठीत!

क्वाइक मी आणलं नाही. परवान्याशिवाय घरी बीअर बनवणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. पण परत आल्यावर दुसऱ्या दिवशी दूध तापवलं आणि लक्षात आलं, की घरात विरजण नाही. एरवी ॲपवर दह्याचा डबा मागवला असता, दहा मिनिटांत आला असता. या बिल्डिंगमध्ये मला तीन वर्षं झाली. समोरच्या दारावरची पाटी मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचली आणि बेल वाजवली.

‘काकू, विरजण आहे का थोडं?’

काकूंनी आधी मला नखशिखांत न्याहाळलं. मग आत बोलावलं, चहा पाजला, नोकरी, पगार, लग्न सगळं विचारून घेतलं आणि स्टीलच्या वाटीत चमचाभर दही दिलं. दही मस्त लागलं. वाटी अजून माझ्याकडेच आहे. ती रिकामी परत द्यायची नसते, एवढं मला माहीत आहे. काय घालून द्यावं, ते आईला विचारतेय.