ऐकलंत का?

पालघरात राहून बोईसरला नोकरी करणाऱ्या माणसाच्या घर आणि कचेरीच्या मधे उमरोळी हे एकच स्टेशन असते. पण रात्री साडेदहाला कारखान्यातला कॉम्प्युटर रुसला, की तेवढेच अंतर काशीयात्रेएवढे होते. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी पगारपत्रके सांभाळतो. पगार सात तारखेच्या आत झाला पाहिजे, हा कायदा कॉम्प्युटरला ठाऊक नाही; कामगारांना मात्र तोंडपाठ आहे.

शेवटी भाच्याने माझ्या मोबाईलवर ‘टर्मिनल’ नावाचे प्रकरण बसवले. कॉम्प्युटर बोईसरला, त्याच्याशी बोलायची पाटी माझ्या हातात!

"मामा, चारच गोष्टी भरायच्या. पत्ता, पोर्ट, नाव आणि किल्ली."

"पोर्ट म्हणजे?"

"दाराचा नंबर. २२."

ही एसएसएच पद्धत १९९५ साली फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी काढली. विद्यापीठाच्या जाळ्यात पासवर्डची चोरी झाली, म्हणून. २१ आणि २३ या खोल्यांत जुने भाडेकरू होते, मधली २२ रिकामी होती. ती त्यांनी रीतसर अर्ज करून मिळवली. चाळीत वाढलेल्या मला हे लगेच पटले.

मग अक्षरे. ती मुंगीएवढी होती. मोठी केली, तर ओळीच मोडल्या. ओळीत ८० अक्षरे असायची ही रूढी आयबीएमच्या १९२८ सालच्या भोकांच्या कार्डापासून चालत आलेली. माझ्या चाळिशीचा विचार तेव्हा कोणी केला नव्हता. नाव एका ओळीत, रक्कम भलत्याच ओळीत! आमच्या शिपायाला मॅनेजरचा पगार दिसू लागला. अन्याय दूर झाल्याचे समाधान क्षणभर मिळाले, पण नाइलाजाने फोन आडवा धरला आणि काळ्या पाटीची पांढरी केली.

सहा तारखेच्या रात्री मी ऐटीत हुकूम सोडला. काम दहा मिनिटांचे. यंत्र गप्प, मी गप्प. सातव्या मिनिटाला लाईन तुटली आणि तिच्याबरोबर पगारही अर्ध्यावर राहिला. सकाळी पहिल्या गाडीने बोईसर गाठले. फाटकापाशी एकाने हळूच विचारले, "साहेब, पोराची फी भरायचीय. पगार आज होईल ना?" दुपारी यादी बँकेत गेली, तोवर मला पाणी गोड लागले नाही.

भाचा म्हणाला, "मामा, लाईन फार वेळ गप्प राहिली, की मधल्या यंत्रांना वाटतं, कोणी नाहीच. मग ती तोडतात. म्हणून ‘कीप-अलाइव्ह’ ६० सेकंदांवर ठेवायचं. दर मिनिटाला नुसतं विचारायचं, ‘आहेस का?’ पलीकडून ‘हो’ आलं, की झालं." शिवाय त्याने हुकूम ‘टीमक्स’ नावाच्या पेटीतून द्यायला शिकवला. आता फोन बंद पडला, तरी काम तिकडे चालूच राहते.

पुढच्या महिन्यात रात्री अकराला पाटीवर ‘पूर्ण’ असे उमटले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, ऐकलंत का?"

छत्तीस वर्षे हा प्रश्न ऐकतो आहे. हिला काहीतरी हवे असणार, असे समजून छत्तीस वर्षे मी वर्तमानपत्राआड गप्प बसलो. तिला बहुतेक वेळा काहीच नको होते, हे एका यंत्राने सांगेपर्यंत माझ्या ध्यानात आले नाही.

"हो गं, ऐकतोय!" मी मोठ्याने म्हणालो.

ही लगबगीने बाहेर आली आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहू लागली.